स्वतःचं वर्कशॉप काढायचं तर आधी स्वतःत काय सुधारावं?

तुम्ही लिहिलंय की खानापूरकडचा आहे, डिप्लोमा झालाय, सात वर्षं दुसऱ्याच्या वर्कशॉपात व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) चालवतोय, आता स्वतःचं काढायचंय तर कुठला कोर्स करू, इंग्लिश सुधारू की चारचौघांत बोलायला शिकू. मी बेळगावात उद्यमबागेत जॉबवर्क करतो, म्हणजे पार्टीच्या मालावर मशीनिंग करून देतो, दोन व्हीएमसी आणि एक सीएनसी लेथ आहे, अकरा वर्षं झाली. मला विचाराल तर सगळ्यात आधी रेट काढायला शिका. हात तुमचा चांगलाच असणार, सात वर्षं कोण उगाच ठेवून घेत नाही. पण काम येणं वेगळं आणि त्या कामाचे किती मागायचे हे कळणं वेगळं, आणि मशीनवरनं उठून धंद्यात आलेली आपली पोरं इथंच मार खातात, मी डोळ्यांनी बघितलंय.

माझंच सांगतो. पहिली मोठी ऑर्डर एका फौंड्रीवाल्या पार्टीची, बीडाची (ओतीव लोखंडाची) व्हॉल्व्ह बॉडी. सायकल टाइम, म्हणजे मशीनला एका पीसला लागणारा वेळ, सहा मिनिटं आला, मी हिशोब केला तासाला दहा पीस, मशीनचा तासाचा खर्च 400, म्हणजे पीसला 40 रुपये, आणि लगेच हो म्हणून आलो. तीन महिने दोन शिफ्ट मशीन थांबलं नाही, सगळे म्हणायचे जोरात चाललंय की, आणि तिसऱ्या महिन्यात बँकेचा हप्ता भरायला बायकोची पिग्मी (रोजच्या बचतीची ठेव) मोडली. त्या रात्री झोप आली नाही, उठून शॉपवर गेलो आणि ऑपरेटरच्या बाजूला स्टूल टाकून मोबाईलवर वेळ लावून बसलो. कास्टिंग उचलायचं, फिक्स्चरवरची (जॉब ज्यात पकडतात त्यावरची) चीप झाडायची, क्लॅम्प आवळायचे, जॉब निघाला की बर (कडेला राहिलेली धार) काढायचा, प्लग गेज घालून भोकाचं माप बघायचं, मध्येच इन्सर्ट (कापायची टिप) फिरवायचा. सगळं धरून साडेआठ मिनिटं. तासाला सातच पीस, म्हणजे 280 रुपये, आणि मला पाहिजे होते 400. जितकं जास्त काम तितका मोठा खड्डा, आणि मी खुशीत दुसरी शिफ्ट लावली होती.

त्यात ब्लो होल, म्हणजे ओतताना कास्टिंगच्या आत राहिलेली हवेची पोकळी. बोअर पूर्ण झाल्यावर आतनं भोक उघडायचं, पीस बाद, आणि आपली मजुरी पण बाद. आता मी कोटेशनमध्येच लिहितो की कास्टिंग रिजेक्शन निघालं तरी मशीनिंगचे पैसे पडतील, मशीनिंग रिजेक्शन असेल तर ते माझ्यावर. एवढी एक ओळ पहिल्या दिवशी लिहिली असती तर पिग्मी वाचली असती.

मग तो वेळेचा कागद घेऊन पार्टीकडे गेलो. मालक कन्नडवाले. मला कन्नड कळायचं पण मी कायम हिंदीत बोलायचो, त्या दिवशी मोडकंतोडकं का असेना कन्नडमध्येच सांगितलं. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, मोदल हेळ्री. म्हणजे आधी सांगायचं. रागावले नाहीत, 54 रुपये केले आणि फिक्स्चर बदलायला त्यांचा माणूस पण दिला, दोन पीस एकदम लागायला लागले तसा पीसचा टाइम सातवर आला. तीन महिने मी लाजेपोटी गप्प बसलो होतो. तेव्हापासून इन्सर्ट संपले, करंट गेला, माणूस आला नाही, काहीही होऊदे, पार्टीचा फोन यायच्या आधी माझा फोन जातो, उद्या नाही परवा देतो, आणि परवा म्हणजे परवाच. बोलायचा कोर्स करायचा विचार असेल तर ते पैसे ठेवा आणि कन्नड बोलायला, वाचायला शिका. घरात आपली मराठी आहेच, ती कुठं जात नाही, पण समोरच्याच्या भाषेत त्याच्या टेबलावर बसून रेट मागता आला पाहिजे.

कागदाचं थोडक्यात, कारण आपण बॉर्डरवर आहोत. इथून महाराष्ट्रातली शिनोळी किती जवळ आहे तुम्हाला माहीतच आहे, पण कागदावर ते दुसरं राज्य. जॉबवर्कचा माल राज्य ओलांडून येणार असेल तर किंमत कितीही कमी असली तरी ई-वे बिल (माल वाहतुकीचा जीएसटीचा ऑनलाइन कागद) लागतं, 50 हजारांच्या आत आहे म्हणून चालत नाही. आणि जीएसटीच्या कंपोझिशन स्कीममध्ये (छोट्यांसाठी उलाढालीवर ठरावीक टक्के टॅक्स) राज्याबाहेर सप्लाय करता येत नाही, म्हणून तिकडच्या पार्ट्या धरायच्या असतील तर जीएसटी नंबर घेतानाच सीएशी बोला. उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी) पहिल्या आठवड्यात करा आणि तो नंबर बिलावर छापा. 2006 च्या एमएसएमईडी (लघुउद्योगांच्या) कायद्याने पार्टीला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसेल तर 15 दिवसांत पेमेंट द्यावं लागतं, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज. त्यात 1 एप्रिल 2024 पासून इन्कम टॅक्सचा नियम लागू झालाय (1961 च्या कायद्यात कलम 43बी(एच)), मुदत उलटून वर्षअखेरीला थकलेलं बिल पार्टीला त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही. मार्चमध्ये त्यांचा अकाउंटंटच फोन करतो, तुमचं काय राहिलंय म्हणून.

आणि घरचा पैसा वेगळा. मी स्वतःला महिन्याला ठरलेला पगार घेतो. मागे भावाच्या लग्नात शॉपच्या खात्यातनं उचलले होते आणि त्याच महिन्यात स्पिंडलचं बेअरिंग गेलं, मशीन बारा दिवस बंद, बेअरिंगला पैसे नाहीत. खंडेनवमीला मशीनची पूजा करताना अजून ते बारा दिवस आठवतात.

नोकरी लगेच सोडू नका. आत्ता जिथं आहात तिथंच रोज एका जॉबचा टाइम घ्या, लोडिंगपासून गेजपर्यंत, आणि वहीत मांडून तुमच्या हिशोबाने रेट काढून बघा. अडलं तर ड्रॉइंग टाकू नका, ती मालकाची असतात, नुसता टाइम आणि मटेरियल इथं लिहा, मी बघून सांगतो.