इराकला निघालात? निर्बंध उठले, त्यांनी बसवलेली घडी उठली नाही

भाऊ, तुमचा प्रश्न वाचला. मौद्याकडे टर्बाइन मेंटेनन्सचा अनुभव, हातात दोन ऑफर, एक उत्तरेतल्या कुर्द भागातल्या एरबिलची आणि एक दक्षिणेतल्या बसऱ्याची. बसऱ्याला पगार जास्त. घरी वडील म्हणून राहिले की ‘तो निर्बंधांचा देश आहे, उद्या पुन्हा काही लागलं तर पैसे तिथेच अडकतील’. तुमचं म्हणणं, निर्बंध २००३ मध्येच उठले, आता त्याचं काय? मी कोराडीहून इकडे आलेला माणूस, एरबिलजवळ गॅसवरच्या वीज प्रकल्पात काम करतो. या वादात मी बराचसा वडिलांच्या बाजूने आहे, फक्त कारण वेगळं आहे.

तारखा पटकन सांगतो. २ ऑगस्ट १९९० ला इराकचा हुकूमशहा सद्दाम हुसेनने कुवेत घेतलं. ६ ऑगस्टला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ६६१ क्रमांकाचा ठराव केला: तेल विकायचं नाही, औषधं आणि अडीनडीचं अन्न सोडलं तर आयात नाही. हे मे २००३ पर्यंत चाललं. कुवेत तर १९९१ च्या युद्धातच सुटलं होतं. पुढची बारा वर्षं शस्त्रं नष्ट करायच्या अटीवर निर्बंध राहिले, आणि लोक उपाशी राहिले की सद्दामची खुर्ची आपोआप हलेल अशी बऱ्याच जणांची आशा होती. खुर्ची हलली नाही. ती हलवायला शेवटी फौज आणावी लागली.

काहून हलली नाही? कंट्रोलच्या दुकानामुळे. इराक तेव्हा बहुतेक अन्न बाहेरून आणत होता. सप्टेंबर १९९० मध्ये सरकारने रेशन सुरू केलं: पीठ, तांदूळ, साखर, चहा, तेल, साबण. तोवर कागदावर एका दिनारला तीन डॉलरच्या वर भाव होता. १९९५ अखेर बाजारात एका डॉलरला तीन हजारांच्या आसपास दिनार मोजावे लागत. मास्तर आणि इंजिनीअर यांचा पगार महिन्याला दोन-चार डॉलरवर आला की घर चालतं ते कार्डावर, आणि कार्ड देतो तो सरकारचा माणूस. आमच्या प्लांटवर किर्कुकचा एक वयस्क कुर्द ऑपरेटर आहे. नव्वदच्या दशकात त्याच्या कुटुंबाला किर्कुकमधून हाकललं, तेव्हा दारात आलेल्या शिपायांनी आधी रेशनकार्ड मागितलं, घराची किल्ली नंतर. कार्ड गेलं की त्या गावात तुम्ही कोणीच नाही. हे तो अगदी सहज सांगतो, डब्यातली भेंडी खाता खाता.

ज्या वर्गाने सरकारला जाब विचारायचा, तोच वर्ग आधी मोडला. बगदादच्या मुतनब्बी रस्त्यावर प्राध्यापक आपली पुस्तकं विकायला बसले. ज्यांना जमलं ते देश सोडून गेले. रिकामी झालेली जागा सद्दामने टोळीप्रमुखांना मान देऊन आणि १९९३ नंतर ‘श्रद्धा मोहीम’ काढून मशिदींकडून भरून घेतली. २००३ नंतर धर्माचं आणि टोळ्यांचं राजकारण एकदम कुठून उगवलं, असं लोक विचारतात. एकदम उगवलं नाही बाप्पा, दहा वर्षं पाणी घातलेलं होतं.

मग ‘अन्नासाठी तेल’ आलं: तेल विका, पण त्या पैशातून अन्न-औषधंच आणा. ठराव १९९५ चा, तेल वाहू लागलं डिसेंबर १९९६ मध्ये. यात गिऱ्हाईक कोण आणि माल कुणाकडून घ्यायचा, हे ठरवायचा हक्क बगदादकडेच ठेवला होता. सुमारे ६४ अब्ज डॉलरचं तेल विकलं गेलं. याची चौकशी करायला संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या व्होल्कर समितीने २००५ मध्ये काढलेल्या हिशोबाप्रमाणे त्यातून जवळपास १.८ अब्ज डॉलर वरकमाई म्हणून सद्दामच्या सरकारकडे गेले. त्याच अहवालात नाव आल्यामुळे आपल्याकडे नटवरसिंह यांचं परराष्ट्र खातं गेलं होतं, आठवत असेल. आरोप त्यांनी नाकारले होते. जॉर्डन-तुर्कीमार्गे चालणारी चोरटी तेलविक्री तर याहून कितीतरी मोठी होती आणि सुरक्षा परिषदेला ती ठाऊक होती. बरं, निर्बंधांमुळे पाच लाख मुलं दगावली हा आकडा तुम्ही ऐकला असेल. सद्दामनंतर झालेल्या पाहण्यांमध्ये बालमृत्यूंची तशी उसळी दिसली नाही. हाल खोटे नव्हते, पण तो आकडा सरकारने हत्यार म्हणून वापरला.

आता आपल्या धंद्याचं. १९९१ च्या बॉम्बफेकीत वीज केंद्रं उद्ध्वस्त झाली. नवा सुटा भाग हवा तर कंत्राट त्या ठरावावर देखरेख करणाऱ्या न्यूयॉर्कमधल्या ६६१ समितीपुढे जायचं, आणि तिथे एका सदस्य देशानेही हात वर केला की फाइल अडकायची. लष्करी कामाला येईल असा संशय आला तर विषय तिथेच थांबला. म्हणून एक युनिट मोडून त्याच्या भागांवर दुसरं चालवायची इथल्या लोकांची जी हातोटी आहे, ती तेव्हाची. तुम्ही येऊन बघाल तर थक्क व्हाल. राजकारण असं, की असलेली वीज सद्दामने आधी बगदादला दिली आणि बसऱ्याला अंधारात ठेवलं. दोष मात्र बाहेरच्यांच्या माथी. बसऱ्यात सगळ्यात जास्त तेल, आणि तिथेच सगळ्यात कमी वीज. ही ठसठस आजची नाही. जुलै २०१८ मध्ये वीज-पाण्यासाठी तिथे रस्त्यावर लोक उतरले, गोळीबारही झाला. तुमची जास्त पगाराची ऑफर त्या गावातली आहे, हे लक्षात ठेवा.

त्यात आता इराणवरचे निर्बंध मिसळले. दक्षिण इराकची बरीच केंद्रं इराणच्या गॅसवर चालतात. त्यासाठी अमेरिका बगदादला दर काही महिन्यांनी सूट देत होती. वीज आयातीची सूट मार्च २०२५ मध्ये बंद केली. म्हणजे शेजाऱ्यावरचा निर्बंध, आणि इथल्या सरकारवर दोन्हीकडून दाब. गॅस कमी आला की युनिट बंद, बाहेर पन्नास अंशांच्या आसपास ऊन, आणि गेटवर जमाव. नागपूरच्या मे महिन्याची सवय उन्हाला कामी येते, जमावाला नाही.

एरबिलकडची गोष्ट वेगळी, आणि मला जास्त शिकवणारी. ऑक्टोबर १९९१ मध्ये सद्दामने कुर्द भागातून आपली कचेरी-फौज काढून घेतली आणि रसदही तोडली. देशावर जगाचे निर्बंध, कुर्दांवर वरून बगदादचे. पैशाची एकच मोठी वाट उरली: तुर्की सरहद्दीवरचं इब्राहिम खलील नाकं. ट्रकवाले जायचे माल आणायला, आणि गाडीच्या पोटाला जादा टाक्या लावून डिझेल तिकडे न्यायचे. नाकं बारझानींच्या पक्षाकडे, म्हणून जकात त्यांची. सुलेमानी शहराकडच्या तालबानींच्या पक्षाला हिस्सा पुरेसा मिळेना. १९९२ ला निवडणूक लढवून एकत्र बसलेले हे दोघे मे १९९४ पासून एकमेकांवर गोळ्या झाडू लागले. भांडणाला कारणं अनेक, पण जकात त्यात ठळक. ३१ ऑगस्ट १९९६ ला तर बारझानींनी एरबिल परत मिळवायला चक्क सद्दामचे रणगाडे बोलावले. ज्याने कुर्दांवर विषारी वायू सोडला, त्याचे! समझोता झाला १९९८ मध्ये, वॉशिंग्टनला. आजही एरबिल-दोहूक बारझानींच्या पिवळ्या झेंड्याचं, सुलेमानी तालबानींच्या हिरव्या झेंड्याचं. कंपनीचं लायसन्स, सुरक्षेचं कंत्राट, नाक्यावरचा शिपाई, सगळं त्या रंगावर.

बगदादनेही हा धडा गिरवला. सप्टेंबर २०१७ मध्ये कुर्दांनी स्वातंत्र्याचं सार्वमत घेतलं, तर बगदादने एरबिल-सुलेमानीची आंतरराष्ट्रीय विमानं मार्च २०१८ पर्यंत बंद पाडली. घरी यायचं तर बगदादवरून, आणि कुर्दिस्तानच्या व्हिसावर तिकडे पाय ठेवता येत नाही. असं पुन्हा होऊ शकतं, म्हणून हातात तिकिटाचे पैसे रोख ठेवायचेच.

वडिलांच्या काळजीचं उत्तर पैशात आहे. २००३ पासून इराकच्या तेलाचे पैसे न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्हमधल्या, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेतल्या, खात्यात पडतात आणि तिथून डॉलर बगदादला येतात. जानेवारी २०२० मध्ये इराणचा सेनापती कासिम सुलेमानी बगदादमध्ये अमेरिकेच्या हल्ल्यात मारला गेल्यावर इराकच्या संसदेने अमेरिकी फौजेला जायला सांगितलं, तर ट्रम्पनी कडक निर्बंधांची धमकी दिली. लावायची गरजच पडली नाही. जुलै २०२३ मध्ये अमेरिकेने १४ इराकी बँकांचे डॉलर व्यवहार बंद केले, पुढे आणखी काहींचे. त्यामुळे डॉलरचा सरकारी भाव एक आणि एरबिलच्या किल्ल्याखालच्या बाजारात दुसरा. तिथे सराफ फुटपाथवर नोटांच्या विटा रचून बसतात, जुनी किंवा डाग पडलेली शंभराची नोट दिली की तोंड वाकडं करतात आणि भाव कापतात.

म्हणून ऑफर लेटरमध्ये पगार ‘डॉलरमध्ये’ एवढंच लिहिलेलं असेल तर त्याला अर्थ नाही. सरकारी भावाने दिनार हातात ठेवून तोच पगार झाला म्हणणारे मालक इथे आहेत. पगार डॉलरमध्येच मिळेल, कंपनीच्या इराकबाहेरच्या खात्यातून थेट तुमच्या एनआरई खात्यात (परदेशी कमावणाऱ्या भारतीयांचं भारतातलं खातं) येईल, असं लिहून घ्या. दुबईचं खातं असलं तर उत्तम. इराकी बँकेतून येणार असेल तर बँकेचं नाव विचारा आणि तिचे डॉलर व्यवहार चालू आहेत का ते आधी बघा. कंपनीचं गिऱ्हाईक कुर्दिस्तान सरकार असेल तर जपून. मार्च २०२३ मध्ये कुर्दिस्तानचं तेल तुर्कीकडे नेणारी पाइपलाइन बंद झाली ती सप्टेंबर २०२५ पर्यंत. त्या काळात इथल्या मास्तरांचे आणि नर्सांचे पगार महिनोन्‌महिने थकले, मग कंत्राटदाराची बिलं कोण बघतो.

सुरक्षेचं थोडक्यात. एरबिल शहरात रात्री बायका-मुलं बागेत फिरतात. पण एप्रिल २०२४ मध्ये खोर मोर गॅस क्षेत्रावर ड्रोन पडलं आणि चार येमेनी कामगार गेले. आमचा गॅस तिथूनच येतो. तेव्हा तुमची जागा प्लांटवर की गॅस फील्डवर, हे स्पष्ट विचारा. विमा कुठल्या कंपनीचा आणि युद्धातल्या मृत्यूला लागू आहे का, हेही.

माझ्या मते एरबिल घ्या, पगार कमी असला तरी. बसऱ्याचं काम टर्बाइनच्या दृष्टीने जास्त चांगलं असेल, पण तिथे गॅस, जमाव आणि वॉशिंग्टन, तिन्ही तुमच्या शिफ्टमध्ये येतात. सही करण्याआधी ऑफरचं पगाराचं पान मला पाठवा. नाव आणि आकडे झाका, बँकेचं नाव मात्र दिसू द्या.