जिरा आणि सीआरएम जोडताना सुरुवात एकाच दिशेने करावी

जिरा (कामांचा मागोवा ठेवणारे सॉफ्टवेअर) आणि सीआरएम (ग्राहकांच्या नोंदी ठेवणारी प्रणाली) दुतर्फा जोडण्याचा मोह आपण तूर्त टाळावा. सीआरएममध्ये तक्रार नोंदली गेली की जिरामध्ये तिकीट, म्हणजे त्या कामाची नोंद, तयार व्हावे, एवढा एकच प्रवाह आधी नीट चालू द्यावा. दुतर्फा जोडणीत एकीकडचा बदल दुसरीकडे जातो, तेथून तो पुन्हा परततो आणि काळजी न घेतल्यास हे चक्र थांबतच नाही. माझ्या मते नवख्यांची खरी फसगत येथेच होते.

तयार झालेल्या तिकिटाचा क्रमांक सीआरएममधील नोंदीत साठवावा आणि तो तेथे नसेल तरच नवे तिकीट काढावे, अन्यथा एकाच तक्रारीची अनेक तिकिटे दिसू लागतात. जुळणी ग्राहकाच्या नावावरून कधीही करू नये.

जोडणीसाठी स्वतंत्र खाते वापरावे, कारण वैयक्तिक खाते बंद झाले की प्रवाहही बंद पडतो, आणि तेही गुपचूप. म्हणून बिघाडाची सूचना मिळण्याची सोय पहिल्याच दिवशी करावी. झॅपियर किंवा मेक या प्रणाली जोडून देणाऱ्या सेवांमधील तयार जोडण्या सध्या पुरेशा आहेत, वेबहुक (घटना घडताच एका प्रणालीकडून दुसरीला आपोआप जाणारा संदेश) नंतर पाहता येतील.