मधुमालती, माधवी आणि मालती

प्रश्न असा आलाय : ‘माधवीलता’ म्हणून आणलेल्या रोपाला पांढऱ्या, गुलाबी आणि लाल फुलांचे झुबके लागले. कुणी म्हणतं ही मधुमालती, कुणी म्हणतं दोन्ही एकच, आणि एकाने तर ‘ही सगळी मालतीचीच नावं’ म्हणून विषय मिटवला. शिवाय ‘वेल’ तो की ती, हा जोडप्रश्न.

तुमच्याकडे आहे ती मधुमालती, म्हणजे रंगून क्रीपर. माधवी वेगळी, मालती त्याहून वेगळी. तिघींची कुळंही निरनिराळी आहेत.

मालतीपासून सुरुवात करू, कारण घोळ तिच्या नावाने सुरू होतो. अमरकोशात, म्हणजे जुन्या संस्कृत शब्दकोशात, सुमना, मालती आणि जाति ही एकाच झाडाची नावं म्हणून येतात. ‘जाति’ची प्राकृतात ‘जाइ’ झाली आणि मराठीत ‘जाई’. म्हणजे संस्कृतातली मालती ही आपली जाई. तिचं पान एका देठावर बहुधा 7 ते 9 पर्णिकांचं, म्हणजे छोट्या पानांचं, कळी बाहेरून गुलाबी झाक असलेली, आणि फुलाची नळी उकलून पाहिली तर आत पुंकेसर फक्त दोन. मधुमालतीत ते दहा असतात. ‘मधु’ जोडला म्हणून ती मालतीची गोड बहीण ठरत नाही. नात्याने ती अर्जुन, हिरडा, बेहडा यांच्या कुळातली.

आता माधवी. ‘मधु’ म्हणजे चैत्र आणि ‘माधव’ म्हणजे वैशाख, वसंताचे दोन महिने. माधवी ती वसंतातली. अमरकोशात तिला ‘वासन्ती’ आणि ‘अतिमुक्त’ही म्हटलंय. मराठीत तिचं एक सुरेख नाव ‘हळदवेल’. फूल हातात घेऊन बघा : पाच पाकळ्या पांढुरक्या, कडांना झालर कातरल्यासारखी, आणि त्यातल्या एकाच पाकळीवर पिवळा डाग. दहा पुंकेसरांपैकी एक बाकीच्यांपेक्षा चांगलाच लांब. आणि फळाला तीन पंख. मीसुद्धा कितीतरी वर्षं लाल झुबक्यांकडे बोट दाखवून ‘ही माधवी’ असं छातीठोक सांगत होतो. मग एकदा खरं माधवीचं वाळकं फळ हाती आलं. उंचावरून सोडलं तर भिंगरीसारखं गरगरत खाली गेलं. मधुमालतीच्या पाच कंगोऱ्यांच्या फळाला हे जमणारच नाही. माधवीच्या शास्त्रीय नावातला ‘हिप्टेज’ हा शब्दसुद्धा उडणे या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून आलाय.

मधुमालतीची खूण तिच्या रंगात. फूल संध्याकाळी उमलतं तेव्हा पांढरं, सकाळी गुलाबी, पुढच्या एक-दोन दिवसांत लाल. झुबक्यात तीन रंग दिसतात ते तीन वयांचे. पांढऱ्या फुलाकडे रात्री पतंग येतात, रंग चढल्यावर दिवसा मधमाश्या आणि पक्षी. नळी 5 ते 7 सेंटिमीटर लांब, त्यामुळे फुलं खाली लोंबतात. बहर नसेल तर जून फांदी चाचपून पाहा, पण बेताने : पान गळतं तरी देठाचा बुडखा काट्यासारखा मागे राहतो.

ही वेल नावाच्या बाबतीत सगळीकडेच लोकांना चकवत आलेली दिसते. रोप कोवळं असताना झुडपासारखं ताठ वाढतं आणि नंतर वेलीसारखं चढतं. मलायी भाषेतल्या ‘उदानी’ या नावाशी डच ‘हुदानिख’, म्हणजे ‘कसं’, याची कोटी साधून रुम्फियस या वनस्पतींच्या अभ्यासकाने 17व्या शतकात लॅटिनमध्ये नाव घडवलं ‘क्विस्क्वालिस’ : ‘कोण? कसलं?’ स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसने 1762 साली ते शास्त्रीय नाव म्हणून रूढ केलं. आता वनस्पतिशास्त्रात तिला ‘कॉम्ब्रेटम इंडिकम’ म्हणतात. बिनचूक नाव, पण मजा गेली.

मग मराठीत काय लिहावं? माधवीलाही काही जण मधुमालती म्हणतात, आणि जुन्या लेखनात तो अर्थ असू शकतो. पण आज शंभरातल्या बहुतेकांच्या डोळ्यांपुढे ‘मधुमालती’ म्हटल्यावर लाल-पांढरे झुबकेच येतात, तेव्हा ते नाव तिलाच राहू द्या. ‘माधवीलता’ मात्र पंखवालीसाठी राखून ठेवा. तिथे ढिलाई नको. जुन्या काव्यात नुसती ‘मालती’ भेटली तर आधी जाई आठवावी.

राहता राहिला तो-ती. दोन्ही चालतं. तो वेल, ते वेल. ती वेल, त्या वेली. माझ्या कानाला भाज्यांकडे पुल्लिंग बसतं, ‘कारल्याचा वेल’, ‘भोपळ्याचा वेल’, आणि फुलांकडे स्त्रीलिंग, ‘जाईची वेल’. विड्याचं पान फळ नाही की फूल नाही, तरी ‘नागवेलीची पानं’च म्हणतो आपण; ‘नागवेलाची’ म्हणून बघा, जीभ अडखळते.