कोळंबीचं सॅम्पलिंग नाशिकच्या मार्केटमधून नको

हे बघ, नाशिकात बसून कोळंबीच्या जेनेटिक्सवर काम करता येतं, फक्त सॅम्पल इथल्या मच्छी मार्केटमधून घेऊ नकोस, कारण तो माल कुठल्या बंदरावरचा ते विकणाऱ्या मावशींनाही सांगता येत नाही आणि त्यात व्हेनामी जातीची कोळंबी असली तर ती मुळात पॅसिफिकची, तळ्यात वाढवलेली, तिचा आपल्या समुद्राशी संबंधच नाही. पहाटे मुंबईच्या ससून डॉकला जा, बोट कुठून आली ते तांडेलला, म्हणजे बोटीच्या प्रमुखाला, विचार, तिथेच लिहून घे. प्रत्येक ठिकाणचे तीसेक तरी नग घे, पोटाखालचा पोहायचा एक पाय कापून ९५ टक्के इथेनॉलमध्ये टाक, फॉर्मॅलिन अजिबात नको, डीएनए खराब होतो.

आणि सीओआय जीनचा, म्हणजे मायटोकॉन्ड्रियातल्या ज्या जीनवरून कोळंबीची तुलना करतात त्याचा, सिक्वेन्स आला की लगेच खूश होऊ नकोस, कोळंबी-खेकड्यांत त्याच्या खोट्या कॉपी न्यूक्लियसमध्ये असतात, मध्येच स्टॉप कोडॉन, म्हणजे प्रोटीन बनणं थांबवणारी खूण, दिसला तर तो सिक्वेन्स बाजूला काढ, मी तसेच ठेवले होते आणि सहा महिन्यांचं काम परत करावं लागलं. वेगवेगळ्या बंदरांच्या कोळंबीत फरक दिसला नाही तरी घाबरू नकोस, पिल्लं काही आठवडे प्रवाहाबरोबर वाहत असतात, त्यामुळे ती आपसांत मिसळतात.