नस रोज एक मिलिमीटर वाढते, मग मुलीने नीट तिसऱ्यांदा द्यावी का?

प्रश्न : जिंतूर तालुक्यात माझं कृषी सेवा केंद्र आहे. मुलगी मागच्या वर्षी बारावी सायन्स झाली. नीट दोनदा दिली, दुसऱ्या वेळी लातूरला राहून. मार्क वाढले, पण सरकारी एमबीबीएसला पुरत नाहीत, आणि खासगीची फी आमच्याच्यानं होणार नाही. दोन वर्षांमागे माझा पुतण्या मोटारसायकलवरून पडला, उजवा हात खांद्यापासून लुळा झाला. पुण्याला ऑपरेशन करून बरगडीतली नस हाताला जोडली. आता कोपर वाकतं, पंजा हलत नाही. ‘नस रोज एक मिलिमीटर वाढते’ असं तिथले डॉक्टर म्हणाले, तेव्हापासून मुलीनं एकच धोशा लावलाय की मला यातच संशोधन करायचंय. पाहुणे म्हणतात, अजून एक वर्ष नीट द्या, नाहीतर बीएएमएस घ्या. संशोधन म्हणजे नोकरी कसली, पगार कधी? आमची आई माळकरी, ती म्हणते उंदरं मारायचं शिक्षण नको. आणि एका ओळखीच्यानं पुतण्याला स्टेम सेलचं इंजेक्शन सुचवलंय, खर्च काही लाख. काय करावं?

उत्तर :

नमस्कार भाऊ,

शेवटचं आधी घेतो, कारण त्यात तुमचे पैसे आजच जातील. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताचे काही आजार वगळले तर स्टेम सेलचा कुठलाही उपचार हा प्रयोगच धरला जातो. तो मंजूर झालेल्या चाचणीतच करायचा आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नाहीत. तुटलेल्या नसेसाठी जो लाखांचा आकडा सांगतो, त्याला तिथूनच रामराम करा. त्यापेक्षा फिजिओथेरपी सोडू नका, आणि ज्यांनी ऑपरेशन केलं त्या सर्जनना एकदा विचारा, की मनगट आणि पंजासाठी पुढे आणखी काही शस्त्रक्रिया होऊ शकते का.

आता मुलीकडे येऊ. पत्रासोबत तिनं स्वतंत्र चिठ्ठी जोडली आहे, ती तुम्ही वाचली का माहीत नाही. तीत लिहिलंय : ‘दादाला सुरुवातीला कोपर वाकवायचं म्हणजे मोठा श्वास ओढून घ्यावा लागायचा. आता श्वास न घेताही वाकतं. हे कसं झालं?’

भाऊ, हा प्रश्न नीटच्या कुठल्याही टेस्ट सिरीजमध्ये सापडणार नाही. बरगडीतली नस ही श्वासाच्या स्नायूंची. ती दंडाच्या स्नायूला जोडली, म्हणून मेंदूनं ‘श्वास घे’ म्हटलं की दंड आवळला जायचा. पुढे काही महिन्यांत, सरावानं, मेंदू ही दोन कामं वेगळी करायला शिकला. हाताची दुरुस्ती झाली ती अर्धी नसेत आणि अर्धी डोक्यात. घरातल्या सगळ्यांनी तो हात पाहिला असेल, पण श्वास तिनं पाहिला. म्हणून मी हा हट्ट पोरखेळ समजत नाही.

तिला नक्की कशात शिरायचंय ते तुम्हालाही ठाऊक हवं, म्हणून थोडं सांगतो. नस तुटली की तुटीच्या पलीकडचा भाग मरतो. इंग्लंडमधल्या ऑगस्टस वॉलरनं १८५०मध्ये बेडकाच्या जिभेतल्या नसांवर हे पाहिलं. मेलेला भाग साफ करायचं काम श्वान पेशी (नसेच्या तंतूंभोवती आवरण घालणाऱ्या पेशी; श्वान हे शास्त्रज्ञाचं नाव) आणि रक्तातून आलेल्या भक्षक पेशी करतात. मग श्वान पेशी ओळीनं लागून ठिबकच्या नळीसारखी मोकळी वाट तयार करतात, आणि अलीकडच्या टोकातून नवा तंतू त्या वाटेनं सरकतो. वेग साधारण दिवसाला एक मिलिमीटर. खांद्यापासून पंजापर्यंत साठ-सत्तर सेंटिमीटर धरा, म्हणजे दोन वर्षांच्या आसपास. आणि खरी अडचण वेगळीच आहे : स्नायू इतके दिवस वाट बघत नाही. वर्ष-दीड वर्ष नस पोचली नाही तर तो वाळत जातो आणि नसेला जुळवून घ्यायची त्याची जागाच मोडते. म्हणून सर्जन दुसरीकडची जवळची नस उचलून थेट स्नायूपाशी आणतात, वाट कमी करतात. कोपर आलं आणि पंजा मागे राहिला, त्याचा हिशेब हा असा.

पण हे झालं हातापायाच्या नसांचं. मेंदूत आणि मेरुरज्जूत इतकंही होत नाही. चेतापेशींच्या अभ्यासासाठी १९०६चं नोबेल मिळालेले स्पेनचे रामोन इ काहाल यांचंही मत असंच होतं, की मोठ्या माणसाच्या मेंदूत तुटलेलं पुन्हा उगवत नाही. पुढे १९८१मध्ये कॅनडातल्या मॉन्ट्रियलला अल्बर्ट आग्वायो आणि सॅम्युएल डेव्हिड यांनी उंदरांच्या मेरुरज्जूला पायातल्या नसेचा तुकडा पुलासारखा जोडला, आणि आतल्या पेशींचे तंतू त्या तुकड्यातून कित्येक मिलिमीटर वाढत गेले. म्हणजे वाढायची ताकद पेशीत होती, भोवतालची जागाच तिला वाढू देत नव्हती. मग ती जागा काय अडवते, यावर पुढची कितीतरी वर्षं खर्ची पडली. मार्टिन श्वाब यांच्या प्रयोगशाळेनं तंतूच्या आवरणातलं ‘नोगो’ नावाचं प्रथिन शोधलं. जखमेच्या जागी जो व्रण धरतो, त्यातले साखरेचे लांब रेणूही वाट अडवतात, हे कळलं.

मला स्वतःला यातली सगळ्यात भारी गोष्ट वेगळी वाटते. पाठीच्या कण्याशेजारी गाठींमध्ये काही चेतापेशी असतात. त्यांच्यापैकी एकेका पेशीला दोन फांद्या, एक थेट बोटांपर्यंत जाते, दुसरी मेरुरज्जूत शिरते. बाहेरची तुटली तर परत वाढते. आतली तुटली तर वाढत नाही. पेशी तीच! आणि १९८४मध्ये उंदरांवर असं दिसलं, की बाहेरची फांदी आधी दुखावली असेल तर आतलीही वाढायला लागते, जणू पेशी खडबडून जागी होते. ती जागी कशानं होते, आणि माणसात तिला औषधानं जागं करता येईल का? मुलगी या क्षेत्रात गेली तर उमेदीची वर्षं अशाच एखाद्या प्रश्नापाशी जातील.

पेशी मेल्यानंतर दुरुस्त करण्यापेक्षा मरूच न देणं, ही या विषयाची दुसरी बाजू, आणि तिथला इतिहास निराशेचा आहे. मेंदूचा रक्तपुरवठा अडून लकवा आला, की उपचार न झाल्यास मोठ्या झटक्यात मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात. त्या वाचवायला २००६पर्यंत हजाराच्या वर औषधं आणि उपाय प्रयोगशाळेत नाहीतर रुग्णांवर तपासले गेले. उंदरांत कित्येकांनी छान काम केलं, माणसांत एकामागून एक आपटले. टिकलं ते मुख्यतः गुठळी वेळेत विरघळवणारं किंवा बाहेर काढणारं, म्हणजे रक्तवाट मोकळी करणारंच. आमच्याकडे लकवा झाला की आधी तेलमालीश, मग देवऋषी, मग दवाखाना. गुठळी विरघळवणारं औषध द्यायचे पहिले साडेचार तास तोवर कधीच उलटलेले असतात.

आणखी एक उदाहरण आपल्या बाजूचं आहे. बाळ जन्मल्यावर रडलंच नाही, ही गोष्ट गावोगाव ऐकू येते. मेंदूला प्राणवायू कमी पडलेल्या अशा बाळांचं शरीर ७२ तास थंड ठेवलं तर मेंदू वाचतो, हे श्रीमंत देशांत सिद्ध झालेलं होतं. मग भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या सरकारी दवाखान्यांमध्ये ४०८ बाळांवर चाचणी घेतली. २०२१ला निकाल आला तो उलटा : थंड केलेल्यांत ४२ टक्के बाळं दगावली, न केलेल्यांत ३१ टक्के. तिकडचं उत्तर इकडे जसंच्या तसं लागू पडलं नाही. अशा कामाला प्रसूतीच्या वॉर्डाची आणि तिथल्या माणसांची सवय असलेला संशोधक लागतो. जिंतूरची मुलगी तिथे मागे पडेल असं मला वाटत नाही.

आजीचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका. मुलीलाच त्याचं उत्तर शोधायला लावा, कारण हा प्रश्न तिलाही आज ना उद्या पडणार आहे. हरियाणातल्या मानेसरला राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे. तिथे नस पुन्हा कशी वाढते याचा अभ्यास सी. एलेगन्स नावाच्या मिलिमीटरभर लांबीच्या अळीवर होतो. तिच्या सगळ्या अंगात मिळून चेतापेशी ३०२. लेसरनं एकच तंतू तोडायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली तो वाढताना बघायचा. काही जण काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर काम करतात, काही रुग्णांच्या नोंदींवर. तरीही औषध माणसापर्यंत न्यायचं तर वाटेत कुणाला तरी उंदीर वापरावे लागतात. त्यासाठी समितीची परवानगी लागते, कारण द्यावं लागतं. हे आजीपासून लपवून प्रवेश घेऊ नका.

आता रस्ता. नीटचा तिसरा प्रयत्न मी करू देणार नाही. तिला डॉक्टरच व्हायचं असतं तर वेगळं बोललो असतो. डॉक्टर होऊनही संशोधन होतं, पण एमबीबीएस, एमडी आणि न्यूरॉलॉजीचं डीएम मिळून अकरा-साडेअकरा वर्षं जातात, आणि ती वाट रुग्ण तपासायची आवड असलेल्यांनी धरावी. बीएएमएस चांगलं शिक्षण आहे, पण ‘काहीतरी डॉक्टरकी’ म्हणून घ्यायचं नाही.

या वर्षी तिला परभणीला बीएस्सीला घाला, विषय प्राणिशास्त्र आणि रसायनशास्त्र. आणि त्याच वर्षात दोन प्रवेश परीक्षांची तयारी करू द्या : आयसरची, म्हणजे विज्ञान शिक्षण आणि संशोधनाच्या केंद्रीय संस्थांची, आयएटी, आणि मुंबईच्या सीईबीएस या मूलभूत विज्ञानाच्या केंद्रासाठी नेस्ट. आयसर देशात सात आहेत, त्यातलं एक पुण्यात. पाच वर्षांत बीएस-एमएस, आणि पोरं पदवीच्या काळातच प्रयोगशाळेत शिरतात. सध्याच्या नियमाप्रमाणे बारावीनंतर दोन वर्षांपर्यंतच आयएटी देता येते, म्हणजे पुढचं वर्ष तिचं शेवटचं. पेपरात ६० प्रश्न, जीवशास्त्र, रसायन, भौतिक आणि गणिताचे पंधरा-पंधरा. तिनं गणित सोडलं असेल तर अर्ज अडत नाही, पण ते पंधरा प्रश्न अंगावर येतात. लातूरच्या तयारीमुळे बाकी तीन विषय पक्के असतील, त्यामुळे सगळा जोर गणितावर द्यायचा. एक सावधगिरी : तिथे पाठांतरापेक्षा विचार करायला लावणारे प्रश्न जास्त. नीटची तीन तासांत १८० प्रश्न मारायची सवय मोडावी लागेल.

नाही लागलं तरी बीएस्सीचं वर्ष वाया जात नाही. दुसऱ्या वर्षापासून विज्ञान अकादमींच्या उन्हाळी फेलोशिपला अर्ज करायचा. दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाकडे काम करायला मिळतं, आणि हे काम आपल्याला झेपतं का ते कळतं. पुढे आयआयटी जॅम किंवा गॅट-बी ही प्रवेश परीक्षा देऊन बाहेर चांगल्या ठिकाणी एमएस्सी, मग नेट-जेआरएफ, म्हणजे पीएचडीसाठी शिष्यवृत्ती देणारी परीक्षा. मराठी माध्यमाची भीती पहिल्या सहा महिन्यांची असते, तिच्यावर शब्द घालवत नाही.

फिजिओथेरपीचाही विचार करा. या वर्षीच्या नीटवरच अर्ज होतो, साडेचार-पाच वर्षं लागतात, आणि पुतण्याचा हात ज्यांनी परत शिकवला ती हीच माणसं. पोटापाण्याची सोय लवकर हवी असेल तर माझी दुसरी पसंती ही.

पगाराचं स्पष्ट सांगतो. पीएचडीला जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,०००, घरभाडं वेगळं. म्हणजे पंचविशीपासून ती तुमच्याकडे पैसे मागणार नाही. पण पीएचडी व्हायला पाच-सहा वर्षं, त्यानंतर बहुधा दोन-तीन वर्षं देशात किंवा परदेशात पोस्ट-डॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं मुदतीचं संशोधनाचं काम, आणि कायमच्या जागा थोड्या. स्थिर नोकरी तिशी ओलांडल्यावर. काही जण मधूनच औषध कंपन्यांत, औषधांच्या चाचण्यांच्या कामात किंवा कॉलेजात शिकवायला जातात, आणि त्यात कमीपणा काही नाही. लग्नाचा विषय तुम्ही पत्रात अर्ध्या ओळीत काढून खोडलाय. मीही तो तिच्यावरच सोडतो.

एक काम मात्र तिला आजपासून द्या. वही घ्यायची, आणि दर पंधरा दिवसांनी पुतण्याच्या हाताची नोंद करायची : कोपर किती वाकलं त्याचा एकाच जागेवरून फोटो, किती वजन किती सेकंद धरलं, कुठे स्पर्श कळतो आणि कुठे नाही. फिजिओथेरपिस्टना विचारून करायचं, आणि पुतण्याची मर्जी असेल तरच. कित्येकदा महिनाभरात काहीच बदललेलं नसेल, तेही तसंच लिहायचं. सहा महिन्यांनी तुम्ही वही उघडून बघा. कुणी न सांगता पानं भरलेली असली तर आयसर मिळो न मिळो, तिला या वाटेनं जाऊ द्या. दोन महिन्यांत वही मागे पडली असेल तर फिजिओथेरपी किंवा फार्मसी बरी, आणि तेही तिला रागावून न सांगता.

प्रवेशासाठी आरक्षणाचं प्रमाणपत्र लागणार असेल, तर ओबीसी नॉन-क्रीमी लेअर असो वा ईडब्ल्यूएस, ते केंद्राच्या नमुन्यात लागतं. राज्याचं चालत नाही, आणि ते त्या आर्थिक वर्षातलं, म्हणजे १ एप्रिलनंतरचं हवं. एप्रिल उजाडला की पहिल्याच आठवड्यात सेतू केंद्रात अर्ज टाका. मे महिन्यात तिथे पाय ठेवायला जागा नसते.