फुटबॉलच्या सर्वकालीन महान खेळाडूंच्या यादीत महिला असाव्यात का, की त्यांची यादी वेगळीच बरी?

असाव्यात. वेगळी यादी नको.

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की "मी महिलांच्या विरोधात नाही, पण अमेरिकेची महिला टीम पंधरा वर्षांच्या पोरांकडून हरली होती, मग त्यांना पेले-मेस्सीच्या रांगेत कसं बसवायचं?" हे वाक्य मी आमच्याच घरात जेवताना ऐकलंय, जवळजवळ याच शब्दांत, म्हणून लिहायला बसले. नाहीतर हल्ली मी इथे नुसती वाचून जाते.

आधी ते हरण्याचं उरकून टाकते. हो, हरल्या. २०१७ साली एफसी डॅलसच्या अंडर-१५ मुलांनी प्रॅक्टिस मॅचमध्ये त्यांना ५-२ हरवलं. त्याच्या आदल्या वर्षी ऑस्ट्रेलियाच्या टीमला तिथल्याच न्यूकॅसल जेट्स क्लबच्या अंडर-१६ पोरांनी ७-० घातले, तेही तुम्हाला कोणीतरी सांगेलच. बरं मग? त्या डॅलसच्या पोरांपैकी एकाला तरी तुम्ही महान खेळाडूंच्या यादीत घालणार आहात का? नाही ना? म्हणजे कोण कोणाला हरवेल यावर यादी बनतच नाही, ती दुसऱ्याच कशावर तरी बनते, आणि ते काय ते बायकांचं नाव निघालं की लोक बरोब्बर विसरतात.

आता आमच्या गावचं सांगते. गोव्यात फोंडा तालुक्यातला गाव, नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. काही वर्षांमागे क्लबाची पन्नास वर्षं झाली म्हणून स्मरणिका काढली. आमचा दादा कमिटीवर, त्यामुळे महिनाभर आमच्या घरी तेच, जाहिराती कोणी किती दिल्या, कोणाचा फोटो मिळत नाही, छापखानेवाला फोन उचलत नाही. स्मरणिका देवळाच्या सभागृहात प्रकाशित झाली, आमदार वगैरे सगळे आले. मधल्या दोन पानांवर हिरव्या मैदानाचं चित्र, त्यावर गोल कापलेले फोटो, ४-३-३ मध्ये लावलेले, आणि वर मथळा "गावचे सर्वकालीन सर्वोत्तम अकरा". अकराही पुरुष. पान उलटलं की एक ग्रुप फोटो, आमचा, म्हणजे नव्वदच्या दशकातल्या मुलींच्या टीमचा, इतका धूसर की मी मलाच शोधत होते. खाली ओळ "महिलाही मागे नाहीत". नावं नाहीत, एकीचंही नाही. त्याच्याखाली एका फर्निचरवाल्याची अर्धं पान जाहिरात.

मी स्वतः राइट बॅक होते आणि साधीच होते, माझं नाव हवं होतं असा गैरसमज करून घेऊ नका. पण आमची लेफ्ट विंगर! तिचंही नाव लिहीत नाही, तिला आवडायचं नाही. गोव्याकडून नॅशनल खेळली ती. त्या अकरांतले गोव्याच्या टीममध्ये खेळलेले दोघे, बाकीचे नऊ आंतरगाव टूर्नामेंटचे हिरो. उजवीकडचा कॉर्नर ती डाव्या पायाने मारायची, बॉल बाहेरच चाललाय असं वाटेपर्यंत पहिल्या पोस्टपाशी सटकन आत वळायचा, गोलकीपरचे हात वर आणि बॉल त्याच्या मागे. जाळं नसायचं, मग कोणीतरी माडांमागे जाऊन बॉल आणायचा. शेजारच्या गावचे मुलगे तो कॉर्नर बघायला मुद्दाम यायचे, त्यातले एक-दोघे आता त्या हिरव्या पानावर आहेत!

आणि आमची प्रॅक्टिस कधी, तर दुपारी साडेतीनला. कारण पाच वाजले की मुलगे यायचे आणि आम्ही उठायचं. ठरलेलंच होतं ते, कोणी ठरवलं माहीत नाही. भात कापल्यावर शेतात खेळायचो तेव्हा भाताचे खुंट पायांना बोचायचे, घरी जाऊन खोबरेल तेल लावायचं. त्या विंगरचं खेळणं लग्नामुळे सुटलं असं लोक लगेच धरून चालतात. नाही हो, लग्न पुष्कळ नंतर झालं. मॅचच नव्हत्या. आसपास मुलींच्या टीम मोजून तीन, त्यातली एक बंद पडली, मग दोन टीमनी एकमेकींशी किती वेळा खेळायचं?

तर प्रकाशनाच्या रात्री जेवताना, पुढ्यात बांगड्याचं हुमण, मी दादाला विचारलं की ती का नाही अकरांत. दादा म्हणाला, "अगो, आमच्या अंडर-१५ ने तुमच्या टीमला दहा गोल घातले असते." मी म्हटलं बरं. मग तुझ्या यादीत सेंटर फॉरवर्डला जे आजोबा आहेत, पोर्तुगीजांच्या वेळी अनवाणी खेळलेले, क्लब निघायच्या आधीचे, ज्यांचा एकही गोल तू बघितलेला नाहीस, त्यांना आजचे अंडर-१५ वाले बॉलला पाय तरी लावू देतील? दादा म्हणतो कसा, "तसं नाही गो, त्या काळच्या मानाने बघायचं." झालं! हीच ती सवलत. आजोबांना त्या काळच्या मानाने, पेलेला त्या काळच्या मानाने, १९५० सालच्या कुठल्याही डिफेंडरला त्या काळच्या मानाने, आणि बाई आली की एकदम स्टॉपवॉच काढायचं. दादा हुमण चांगलं झालंय म्हणाला आणि विषय बदलला. अजून बदललेलाच आहे.

जगात तर यापेक्षा वाईट झालंय. १९२० च्या बॉक्सिंग डेला, म्हणजे नाताळच्या दुसऱ्या दिवशी, लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर 'डिक, कर लेडीज' या कारखान्यातल्या मुलींच्या टीमची मॅच बघायला ५३ हजार लोक आले. पुढच्याच वर्षी, ५ डिसेंबर १९२१ ला, इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने आपल्या क्लबांना सांगितलं की बायकांना मैदान द्यायचं नाही, आणि ते जवळपास पन्नास वर्षं चाललं. ब्राझील, म्हणजे ज्यांना आपण गोव्यात देव मानतो, त्यांनी १९४१ पासून १९७९ पर्यंत बायकांना फुटबॉल बंद केला होता, कायद्याने. पश्चिम जर्मनीत १९५५ ते १९७०. आधी मैदान काढून घ्यायचं आणि मग विचारायचं की तुमचे रेकॉर्ड कुठायत.

तरी रेकॉर्ड आहेतच. ब्राझीलच्या मार्टाचे वर्ल्ड कपमध्ये १७ गोल, २०१९ ला तिने पुरुषांतला रेकॉर्ड, जर्मनीच्या क्लोजेचे १६, मागे टाकले. कॅनडाच्या क्रिस्टीन सिंक्लेअरचे देशासाठी १९० गोल. अमेरिकेच्या मिशेल एकर्सने १९९१ च्या पहिल्या महिला वर्ल्ड कपमध्ये एकटीने १० मारले. आणि हे सगळं मी आज उकरून काढतेय असंही नाही, २००४ साली फिफाच्या शंभरीला खुद्द पेलेने १२५ खेळाडूंची यादी केली त्यात अमेरिकेच्याच मिया हॅम आणि एकर्स दोघी होत्या. पेलेला चाललं, आमच्या कमिटीला चाललं नाही.

हां, एक गोष्ट मान्य करायला हवी, नाहीतर खाली कोणीतरी लिहीलच. सुरुवातीच्या स्पर्धांत समोरच्या टीम कच्च्या होत्या. एकर्सच्या त्या दहातले पाच एकाच मॅचमध्ये, चायनीज तैपेई म्हणजे तैवानविरुद्ध. सिंक्लेअरच्या १९० मध्येही छोट्या छोट्या बेटांविरुद्धचे आहेत. तेव्हा आकडा बघून थेट तुलना करू नका, १९० म्हणजे रोनाल्डोपेक्षा भारी असं मी म्हणत नाही. पण १९३० च्या पुरुषांच्या पहिल्या वर्ल्ड कपला तेरा टीम होत्या आणि इंग्लंड आलंच नव्हतं, त्याला कोणी कच्चा म्हणून बाजूला ठेवत नाही. चाळणी लावायची तर दोघांना एकच लावा.

माझी यादी विचाराल तर पहिल्या वीसात मार्टा नक्की, पन्नासात एकर्स, चीनची सुन वेन आणि आताची स्पेनची बोनमाती, जिने २०२३ पासून लागोपाठ तीन बॅलन डी'ऑर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचे पुरस्कार, घेतले. पहिल्या पाचात कोणी बाई घालणार नाही, तिथे पेले, मॅराडोना, मेस्सी बसलेत, आणि उगाच बरोबरी दाखवायला कोणाला तिथे नेऊन बसवलं तर तिचाच अपमान. भारताच्या खेळाडूला जगाच्या यादीत घालायचा प्रश्नच नाही, बाईलाही नाही आणि पुरुषालाही नाही. पण भारताची यादी करताना छेत्री, भुतिया, आपले ब्रह्मानंद शंखवाळकर, ब्रुनो कुतिन्हो घालायचे आणि बेमबेम देवीला, बाला देवीला विसरायचं हे चालणार नाही. बाला देवी २०२० ला स्कॉटलंडच्या रेंजर्सकडे गेली, प्रोफेशनल म्हणून. आपले पुरुष किती गेले युरोपात, मोजा बोटांवर. आणि गोव्याच्या योलांडा डिसोझा भारताकडून खेळल्यात हे फुटबॉलवर तासन् तास बोलणाऱ्या किती गोंयकारांना ठाऊक आहे?

आणखी एक. पूर्ण मॅच न बघता मत देऊ नका, रील बघून तर अजिबात नको. २०२२ ला मुलींच्या अंडर-१७ वर्ल्ड कपच्या दोन्ही सेमीफायनल मडगावला फातोर्ड्याच्या स्टेडियमवर होत्या, मी दादाला ओढून नेला. कोलंबियाने नायजेरियाला पेनल्टीवर हरवलं त्या दिवशी. दादा पहिली दहा मिनिटं मोबाइलवर, नंतर कोलंबियाच्या लिंडा कायसेदोच्या पायात बॉल आला की उभा राहायला लागला, मागचे "बस रे" म्हणून ओरडत होते. पुढच्याच वर्षी तिने मोठ्यांच्या वर्ल्ड कपमध्ये जर्मनीविरुद्ध दोघींना चकवून गोल मारला, तो क्लिप मला कोणी पाठवला सांगू? दादाने. पण स्मरणिकेचं बोलत नाही.

आता पुन्हा काहीतरी काढणार आहेत म्हणे, साठ वर्षांचं, आणि दादा विचारतो की आमच्या त्या लेफ्ट विंगरला घ्यायचं तर काढू कोणाला. सोपं आहे. लेफ्ट विंगला जो आहे तो त्या वेळी कमिटीच्या अध्यक्षाचा मेहुणा होता आणि डाव्या पायाने त्याला बॉल थांबवतासुद्धा यायचा नाही.