सप्टेंबर-ऑक्टोबरात मोटरहोमने स्कॉटलंडची बेटं: कुठली घ्यावीत, कुठली पुढच्या खेपेला ठेवावीत

तुमचा बेत मला असा कळला: सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ग्लासगोहून मोटरहोम भाड्याने घ्यायची, दोन आठवडे फिरायचं, सोबत पुण्याहून येणारे सत्तरीतले आई-बाबा. यादीत स्काय, मल, आयला, हॅरिस, ऑर्कनी आणि जमलं तर शेटलंड. यातली कुठली ठेवावीत, असा तुमचा प्रश्न आहे.

माझं मत सांगतो. मल आणि स्काय पक्की करा. वारा शांत असला तर हॅरिस जोडा. आयला, ऑर्कनी, शेटलंड या खेपेला काढून टाका. ती बेटं कमी प्रतीची आहेत म्हणून नव्हे. ऑर्कनीवर माझा फार जीव आहे, पण तिला वेगळी सुट्टी द्यायला हवी.

उन्हाळ्यात बेट निवडताना माणूस तिथे काय बघायचं ते विचारतो. शरदात आधी विचारायचं ते हे, की तिथून परत कसं यायचं. सप्टेंबरचा शेवट आला की अटलांटिकवरून कमी दाबाचे पट्टे एकामागून एक यायला लागतात, आणि वारा वाढला की फेरी रद्द होते. मोठी बोटसुद्धा. आकाश निळंशार, ऊन पडलेलं, आणि तरी बोट नाही, असंही होतं, कारण धक्क्याला बोट लावताना त्रास देतो तो वारा आणि उसळती लाट. पावसाचा त्यात फारसा संबंध नसतो. शिवाय रद्द झालेल्या फेरीतली माणसं पुढच्या फेरीत सहज मावतात, सात मीटर लांबीची गाडी मावेलच असं नाही. म्हणून प्रत्येक बेटाबद्दल दोन गोष्टी तपासायच्या: समुद्र किती वेळ आणि किती उघड्यावर ओलांडायचा आहे, आणि ती वाट बंद झाली तर दुसरी आहे का.

स्कायला १९९५ पासून पूल आहे आणि २००४ च्या शेवटी त्यावरचा टोलही गेला. म्हणजे कितीही वादळ असो, ते ओसरलं की गाडी काढून निघता येतं. मलला पूल नाही, पण तीन वाटा आहेत. ओबान ते क्रेगन्युर ही मोठी बोट पाऊण तासाच्या आसपास घेते. फिशनिश ते लोखालाइन ही छोटी फेरी पाव तासात पार होते, तीही मल आणि मुख्य भूमी यांच्यामधल्या आडोशाच्या सामुद्रधुनीतून. टोबरमोरी ते किलखोअन ही तिसरी. ओबानची बोट रद्द असतानाही लोखालाइनची चालू असण्याची शक्यता बरीच असते, आणि लोखालाइनहून पुढे पूर्ण रस्त्याने बाहेर पडता येतं. आता आयला बघा: केनाक्रेगहून दोन तासांच्या वर, आणि बेटावर बंदरं दोन असली तरी समोरचं मुख्य भूमीवरचं बंदर एकच. परतीचं विमान ठरलेलं असताना आणि घरची वडीलधारी माणसं सोबत असताना हा फरक मोठा आहे.

मलला चार रात्री द्या. लोक ओबानहून सकाळी येऊन मलच्या टोकाशी असलेलं छोटं आयोना बेट बघून संध्याकाळी परत जातात, त्यात मल हातीच लागत नाही. या बेटाचे डोंगर पाहिले की सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला ओळख पटते. काळा कातळ, थरावर थर, पायऱ्या पाडल्यासारखे कडे. हा नुसता भास नाही. मल, स्काय आणि स्टाफा ही सगळी सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याची भूमी आहे, आणि आपला दख्खनचा बेसॉल्टही त्याच्या थोडाच आधीचा. मलच्या पश्चिमेला स्टाफावर फिंगल्स केव्ह आहे, तिथले षट्कोनी खांब म्हणजे अंधेरीच्या गिल्बर्ट हिलची भावंडंच. फक्त आई-बाबांना स्टाफावर उतरवू नका. छोट्या बोटीतून ओल्या पायऱ्यांवर पाय टाकावा लागतो आणि या दिवसांत लाट असेल तर बोटवाले उतरवतही नाहीत. बोटीतून गुहा बघून परत येणं त्यांच्यासाठी पुरेसं आहे. पफिन पक्ष्यांची आशा ठेवू नका, ते ऑगस्टच्या सुरुवातीलाच समुद्रावर निघून गेलेले असतात.

आयोना मात्र त्यांना नक्की दाखवा. पाहुण्यांच्या गाड्यांना तिथे परवानगी नाही, गाडी फिओनफर्टला ठेवून दहा मिनिटांच्या फेरीने पायी जायचं. सेंट कोलंबाने ५६३ साली तिथे मठ स्थापला. धक्क्यापासून अ‍ॅबीपर्यंतची, म्हणजे जुन्या मठाच्या चर्चपर्यंतची वाट सोपी आहे, ज्येष्ठांना झेपते. क्रेगन्युर ते फिओनफर्ट अंतर ३७ मैल, पण जवळजवळ सगळा सिंगल ट्रॅक, म्हणजे एकाच गाडीपुरता रस्ता. दीड तास धरा, आणि त्या दिवशी दुसरं काही ठरवू नका.

मलवरची एक जागा मराठी माणसाने चुकवू नये असं मला मनापासून वाटतं. ग्रुलिन इथे, रस्त्यापासून थोडं आत चालत गेलं की झाडीत लाखलन मॅक्वारी यांची समाधी आहे. शेजारच्या उल्वा बेटावर जन्मलेला हा माणूस पुढे न्यू साउथ वेल्सचा गव्हर्नर झाला, म्हणून ऑस्ट्रेलियाकडून या जागेची देखभाल होते. पण त्याआधी तो १७८८ पासून पलटणीसोबत मुंबईत होता. १७९३ मध्ये मुंबईतच त्याचं जेन जार्व्हिसशी लग्न झालं. तीन वर्षांत ती मकाऊला क्षयाने गेली, आणि त्याने तिचा देह मुंबईला आणून तिथे दफन केला. पुढे मलवर जमीन घेतली तेव्हा त्या इस्टेटीला त्याने जार्व्हिसफील्ड नाव दिलं. त्या ओलसर, शेवाळलेल्या जागी उभं राहून हे आई-बाबांना सांगा, त्यांना ते बेट एकदम जवळचं वाटेल.

ग्रुलिनच्या बाजूलाच लोख ना कील ही समुद्राची खाडी आहे. तिथे गाडी नीट जागी लावून दुर्बीण काढा. समुद्री गरुड दिसण्याची ही फार चांगली जागा. ब्रिटनमधून नाहीसा झालेला हा पक्षी १९७५ पासून नॉर्वेहून आणून रम बेटावर सोडला, आणि १९८५ मध्ये रानात वाढलेलं पहिलं पिल्लू मलवरच उडालं. उडताना पंख रुंद, सपाट फळीसारखे दिसतात, पूर्ण वाढलेल्याची शेपटी पांढरी. तिथून पुढे ग्रिबनच्या कड्याखालून जाणारा रस्ता मात्र मोठ्या गाडीने टाळा, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला पाणी आणि रुंदी बेताची.

तारखेबद्दल एक सूचना. ऑक्टोबरच्या मध्याला मलवर मोटर रॅली असते. तेव्हा रस्ते ठरावीक वेळी बंद होतात आणि कॅम्पसाइट आधीच भरतात. तुम्ही सप्टेंबरअखेर पोचताय, म्हणून प्रश्न नाही, पण बेत पुढे ढकलणार असाल तर तारीख बघूनच ढकला. त्याच सुमारास स्कॉटलंडच्या शाळांना सुट्टी लागते, तेव्हा फेरीवर गाडीची जागाही लवकर संपते.

मलहून स्कायला जाताना ओबानला परत येऊ नका. फिशनिशहून लोखालाइनला उतरा, स्ट्रॉन्टियनवरून अकॅरकलमार्गे लोखेलॉर्टला या, तिथून मॅलेग, आणि मॅलेगहून आर्माडेल फेरीने स्काय. हा रस्ता अरुंद आणि सावकाश आहे, पण ओक-बर्चची पानं पिवळी पडायला लागलेली असतात आणि वर्दळ फार कमी. आर्माडेलची फेरी रद्द झाली तरी घाबरायचं कारण नाही, फोर्ट विल्यमवरून वळसा घालून पुलाने स्कायला पोचता येतं.

स्कायबद्दल सगळीकडे भरपूर लिहिलेलं आहे, म्हणून थोडक्यात. तीन रात्री पुरेत. स्टॉरचा सुळका आणि फेअरी पूल्सचे डोह, दोन्हींचे पार्किंग सकाळी नऊच्या आत गाठा. क्विरांगच्या कड्यांकडे स्टाफिनहून जाणारा आडवा रस्ता चढाचा आणि तीव्र वळणांचा आहे. मोठी गाडी असेल तर किनाऱ्याच्या रस्त्याने ट्रॉटर्निश या उत्तरेकडच्या द्वीपकल्पाचा फेरा मारा, कडे खालूनही तितकेच भव्य दिसतात. एल्गोलचा रस्ता सोडून द्या. शरदात स्कायचा खरा फायदा म्हणजे मिजेस, त्या चावऱ्या चिलटांचा, जोर ओसरलेला असतो. जुलैत दार उघडं ठेवून चहा पिता येत नाही, आता येतो.

स्कायवर पोचलात की पुढच्या तीन-चार दिवसांच्या वाऱ्याचा अंदाज बघा. ठीक असेल तर स्कायवरच्या यूगहून फेरीने टार्बर्ट, पावणेदोन तासांच्या आत हॅरिस. लस्कनटायरचा किनारा ओहोटीला बघा, वाळू मैलभर उघडी पडते. हॅरिसला जोडूनच असलेल्या लुईसमधले कॅलनिशचे उभे दगड सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीचे आहेत. हॅरिस ट्वीड घ्यायचं असेल तर विणकराच्या शेडमध्ये जाऊन घ्या. १९९३ च्या कायद्याप्रमाणे हे कापड बाह्य हेब्रिडीजच्या रहिवाशांनी त्यांच्या घरी हाताने विणलेलं असावं लागतं, आणि मागाचा आवाज ऐकत, हात लावून निवडण्यात वेगळीच मजा आहे. इथेही परतीच्या वाटा दोन आहेत: टार्बर्टहून यूग, किंवा स्टॉर्नोवेहून उल्लापूल. रविवारी मात्र बहुतेक दुकानं आणि बरेच पंप बंद असतात, शनिवारीच डिझेल, दूध आणि भाजी भरून ठेवा.

आता वगळलेल्यांबद्दल. आयला ऑक्टोबरच्या मध्यानंतर बघावं, तेव्हा ग्रीनलंडहून बार्नकल हंस हजारोंनी उतरतात. लोख ग्रूनार्टवर दिवस मावळताना ते थव्याथव्याने चिखलपट्टीवर येतात, तो कलकलाट अंगावर येतो. आयला करायचं झाल्यास ॲरनला जोडून करा: ॲरनला ब्रॉडिकला उतरा, लोखरान्झाला हरणांच्या माजाच्या दिवसांतलं नरांचं ओरडणं ऐका, तिथून क्लोनेगची छोटी फेरी घ्या, आणि किंटायरची चिंचोळी पट्टी ओलांडली की केनाक्रेग. डिस्टिलरी बघायला जाणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, स्कॉटलंडमध्ये मद्याची मर्यादा इंग्लंडपेक्षा कडक आहे. चालवणाऱ्याने थेंबही घेऊ नये, बाटलीत भरून देतात ते कॅम्पसाइटवर प्यावं.

ऑर्कनीला ग्लासगोहून पोचायलाच मोटरहोमने दोन दिवस जातात. स्करा ब्रे हे अश्मयुगीन गाव, ब्रॉडगरचं दगडी वर्तुळ, मेसहाऊची प्राचीन समाधी, इटालियन युद्धकैद्यांनी उभारलेलं चॅपल, हे सगळं एका बाजूने धावत बघण्यासारखं नाही. शेटलंड तर ॲबर्डीनहून रात्रभराची बोट, बारा तासांहून जास्त, उत्तर समुद्रावर. ऑक्टोबरात त्यावर आई-बाबांना नेऊ नका.

गाडीविषयी. लहान घ्या. चार माणसांना सहा-साडेसहा मीटरची अडचणीची वाटेल, पण या रस्त्यांवर प्रत्येक फूट जाणवतो. फेरीच्या बुकिंगमध्ये लांबी सायकल रॅकसकट खरी द्या, भाडं आणि जागा त्यावर ठरते. छोट्या फेरीच्या उतारावर ओहोटीला गाडीचा मागचा भाग घासू शकतो; कर्मचारी हाताने खूण करतात तितक्याच वेगाने, तिरकं चढवायला सांगितलं तर तिरकं चढवा. चढण्याआधी गॅसचा कॉक बंद करायचा.

सिंगल ट्रॅक रस्ता म्हणजे आपल्या कोकणातल्या आतल्या रस्त्यावर समोरून एसटी यावी तसं, फरक इतकाच की इथे ठरावीक अंतरावर पासिंग प्लेस आहेत. ती डावीकडे असेल तर आत घ्या. उजवीकडे असेल तर तिच्या समोर आपल्याच बाजूला थांबा, समोरचा आत वळून जाईल. मागे कोणी लागलं तर त्यालाही पुढे जाऊ द्या, तो कामावर किंवा दवाखान्यात निघालेला स्थानिक असू शकतो. पासिंग प्लेसमध्ये फोटोसाठी थांबू नका, रात्र तर मुळीच काढू नका.

रात्रीच्या मुक्कामाबाबत बराच गैरसमज आहे. २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने मोकळ्या रानात तंबू ठोकायचा हक्क दिला, पण तो मोटरगाड्यांना लागू नाही. म्हणून कॅम्पसाइट, नाहीतर जागेच्या मालकाची परवानगी. बऱ्याच कॅम्पसाइट सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरात बंद होतात, म्हणून प्रत्येक ठिकाणाची शेवटची तारीख फोन करून विचारा आणि हुकअपवाली, म्हणजे वीजजोडणी असलेली जागा घ्या, रात्री हीटर लागेलच. टॉयलेटची कॅसेट, म्हणजे मैल्याची टाकी, ठरवून दिलेल्या जागीच रिकामी करा. बेटावरच्या लोकांचा मोटरहोमवरचा राग मुख्यतः याच कारणाने आहे, आणि तो रास्त आहे.

वाऱ्याचा इशारा असेल त्या दिवशी उंच गाडी हलवू नका, एक दिवस मोकळा ठेवलेला असू द्या. सप्टेंबरअखेर अंधार सातनंतर पडतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं मागे गेली की पावणेपाचच्या सुमारासच सूर्य मावळतो. म्हणून तुमचा बेत आहे त्याच तारखांना ठेवा.

बुकिंगचा क्रम असा: आधी ओबान-क्रेगन्युर आणि मॅलेग-आर्माडेल, गाडीच्या नेमक्या लांबीसह. मग मलवरची कॅम्पसाइट, मग स्कायची. लोखालाइनच्या फेरीला बुकिंग नसतं, रांगेत उभं राहायचं. यूग-टार्बर्टचं तिकीट बदलता येईल असंच घ्या, आणि गाडी परत करण्याच्या आधीची शेवटची रात्र ग्लासगोपासून दोन तासांच्या आत, मुख्य भूमीवर धरा.